दारातलं चाक

सोमवार, ३ तारीख

आजपासून दोन वह्या. एक भट्टीची, तिच्यात नुसते आकडे. दुसरी ही, तिच्यात भट्टीच्या वहीत लिहिता येत नाही ते सगळं. प्रयोगाची नोंद ज्याने ठेवली नाही त्याने प्रयोग केलाच नाही, असं चौतीस वर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवताना सांगत आलो. आता निवृत्त झाल्यावर ती पाळी माझ्यावर आली आहे.

प्रसंग असा की ताईची ओतशाळा संकटात आहे. दाजी गेल्यापासून नऊ वर्षं ती एकटी चालवते आहे. अठरा माणसं, एक लहान विजेची भट्टी आणि पंपांचे बिडाचे सांगाडे ओतण्याचं एकच मोठं काम. त्यासाठी कच्च्या लोखंडाच्या लाद्या यायच्या. त्या बनवणारा कारखाना गेल्या महिन्यात बंद पडला आणि लाद्या संपल्या. तशात पंपवाल्यांना आता जास्त मजबूत बीड हवं आहे, चौरस मिलिमीटरला तीस किलोचा ताण सोसणारं. सत्तावीस तारखेला त्यांच्याकडून तपासनीस येणार, डोळ्यांदेखत वितळवून बघणार. पसंत पडलं तर काम आपल्याकडे राहील. नाहीतर ते स्वतःचे साचे उचलून दुसरीकडे नेतील.

"मग मी कुलूपच लावीन," ताई म्हणाली. "अठरा जणांना खोट्या आशेवर बसवून ठेवणार नाही."

मी म्हणालो, लाद्या हव्यात कशाला? पोलाद म्हणजे कमी कार्बनचं लोखंड आणि बीड म्हणजे जास्त कार्बनचं. पत्र्याच्या कारखान्यातले पोलादाचे तुकडे भंगारात हवे तेवढे मिळतात. ते वितळवा, कार्बन घाला, थोडं सिलिकॉन घाला, झालं मजबूत बीड. हे नववीच्या मुलालाही समजेल.

ताईने विचारलं, "करशील?"

"करेन."

"मध्येच रुसायचं नाही."

हे ती का म्हणाली कळलं नाही. मी काय लहान आहे?

ओतशाळेत शिरतानाच नडगी फुटली. दारातच बिडाचं एक जुनं भलंमोठं चाक आडवं पडलं आहे. एका बाजूला त्याला खळगा आहे. ताई दुपारी त्याच्यावर बसते आणि चहाचा कप त्या खळग्यात ठेवते. मी म्हणालो, हे आधी हलव. ती म्हणाली, राहू दे.

मंगळवार, ४ तारीख

सफाईचा दिवस. मागच्या अंगणात जुन्या फुटक्या बिडाचा ढीग होता: तुटकी झाकणं, मोडके नळ, कोणत्या काळातले कोण जाणे. सगळं गंजलेलं. भंगारवाल्याला बोलावून ढीगच्या ढीग देऊन टाकला. भट्टी सांभाळणारे मिस्त्री दारात उभे राहून बघत होते. अठ्ठावीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस. पापण्यांचे केस कधीच जळून गेलेले, आणि बोलणं मोजून मापून.

"सगळंच न्यायचं का, सर?"

"सगळंच."

"बरं."

चाकसुद्धा त्याच फेरीत जाणार होतं, पण ताईने गाडीवाल्याला हाताने थांबवलं. मग मी फलकावर सूचना लावली: 'भट्टीत फक्त धुतलेलं, कोरडं पोलाद जाईल. जुनं बीड टाकण्यास सक्त मनाई आहे.' अक्षर चांगलं आलं आहे.

दुपारभर अठराही जण पोलादाचे तुकडे सोड्याने घासत होते. वर ते उन्हात वाळत घातले, कारण मिस्त्री म्हणाले, एक थेंब जरी आत गेला तर भट्टी तोंडावर थुंकेल. एवढी मात्र त्यांची सूचना उपयोगी होती.

घरी हे सगळं कौतुकाने सांगितलं. बायको म्हणाली, "तुम्ही तुकडे घासलेत? स्वतः?" हो म्हटलं. "चाळीस वर्षांत घरातली एक बशी विसळली नाहीत." विषय बदलला.

गुरुवार, ६ तारीख

पहिली वितळ. भट्टी दोनशे किलोची आहे, मी एकशे साठ किलो पोलाद मोजून घातलं. ते वितळल्यावर कार्बनचे काळे दाणे वरून ओतले. ते बुडालेच नाहीत. वरच्या मळीवर तरंगले, तडतडले आणि ठिणग्या होऊन उडून गेले. दिसायला फार सुंदर.

इथे परीक्षा अशी घेतात. वाळूत एक छोटी पाचर ओतायची, गार करायची आणि हातोड्याने मोडायची. मोड राखाडी दिसला तर बीड चांगलं. पांढरा दिसला तर ते काचेसारखं ठिसूळ, कापताना हत्यारं मोडणारं. आमची पाचर टोकापासून बुडापर्यंत पांढरी निघाली.

"दाणे हलके असतात, सर," मिस्त्री म्हणाले. "ते तळाशी घालायचे आणि वर पोलाद रचायचं. मग जातात कुठं?"

पुढच्या वेळी मी तेच करणार होतो, असं त्यांना सांगितलं.

शनिवार, ८ तारीख

दुसरी वितळ. दाणे तळाशी घातले. मळी काढून वेळेवर ओतलं. प्रयोगशाळेने सकाळच्या नमुन्याचे आकडे संध्याकाळी दिले: कार्बन अगदी माझ्या हिशोबाप्रमाणे, सिलिकॉनही. आणि गंधक दहा हजारांत फक्त दोन भाग. इतकं स्वच्छ लोखंड या शहरात कोणी केलं नसेल.

तरी पाचर अर्ध्याहून जास्त पांढरी. त्याच लोखंडाची परीक्षेची कांडी ओतून ताणून बघितली तर एकवीस किलोला तुटली. हे काय गौडबंगाल आहे?

मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, थोडं जुनं बीड टाकू का? विरजणापुरतं. जुन्याशिवाय नवं लागत नाही."

मी त्यांना फलक दाखवला. गंधक हा लोखंडाचा कसा शत्रू आहे ते दहा मिनिटं समजावलं. चौकोन काढून, बाण काढून समजावलं. सगळे शांतपणे ऐकत होते. शेवटी मिस्त्रींनी हात पुसले आणि "बरं" म्हणाले. मग ते ताईच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दार लावलेलं होतं. तक्रार केली असेल माझी. करू देत.

मंगळवार, ११ तारीख

सकाळी लांबूनच घणाचे घाव ऐकू आले, ठण् ठण्. मी पोहोचलो तेव्हा थांबले होते. मिस्त्री घण टेकवून घाम पुसत होते. काय चाललंय विचारलं तर म्हणाले, "अंग मोकळं करतोय, सर." या वयात व्यायामाची आवड चांगलीच, पण घणाने?

तिसरी वितळ. निम्मं पोलाद वितळलं होतं तेवढ्यात ताईची हाक आली, "अरे शहाण्या, चहा थंड होतोय." मी नको म्हणत होतो, पण ती ऐकेना. खोलीत बसवून दोन कप पाजले आणि आमच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या. हसून हसून पुरेवाट झाली. परत आलो तर मिस्त्रींनी भट्टी मी ठेवली होती तशीच सांभाळली होती. जरा भरल्यासारखी वाटली, पण वितळलेलं लोखंड फुगतंच.

आणि पाचर राखाडी. टोकाशी फक्त नखाएवढा पांढरा ठिपका. सगळे माझ्याकडे बघून हसत होते आणि मीही हसत होतो. शिवाय रोज चार सांगाडे निघतात ते आज पाच निघाले. स्वच्छ पोलादात मळी कमी होते, म्हणून माल जास्त मिळतो, असं मी सर्वांना सांगितलं. मिस्त्री एकदम खोकायला लागले. धुरामुळे असेल.

गुरुवार, १३ तारीख

कांडी एकतीसला तुटली. एकतीस. बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, भाजी घेऊन या.

एकच खंत आहे. गंधक दहा हजारांत पाच भागांवर गेलं आहे. कुठून शिरलं कळत नाही. सोड्याचं प्रमाण दुप्पट केलं.

शनिवार, १५ तारीख

चौथी वितळ, पुन्हा राखाडी, पुन्हा पाच सांगाडे. ताईने पुन्हा ऐन वेळी चहाला बोलावलं. तिला चहाची वेळ कधी कळतच नाही.

आता मात्र वजनाचा प्रश्न पडला. घातलं एकशे साठ किलो आणि निघतंय एकशे नव्वदच्या घरात. मळी कमी झाली म्हणून घातल्यापेक्षा जास्त निघेल कसं? तराजू बिघडलेला दिसतो. दुरुस्तीवाल्याला निरोप दिला.

आणखी एक गोष्ट. दारातलं चाक निम्मं झालं आहे. हो, निम्मंच. कडेचे तुकडे कोणीतरी तोडून नेतंय. ताईला म्हणालो, भुरटे चोर शिरलेत, दाराला साखळी लाव. ती चाकाच्या उरलेल्या भागावर बसली होती. तिने कप मांडीवर धरला होता, कारण खळग्याची बाजूही गेली आहे.

"जाऊ दे रे," ती म्हणाली. "ज्याला गरज असेल तो नेत असेल."

ताई अशी उदार आहे म्हणून लोक फायदा घेतात. पण एक खरं, नडगीला आराम पडला.

सोमवार, १७ तारीख

मिस्त्रींच्या डोळ्याचं ऑपरेशन, चार दिवस रजा. जाताना उगाच काळजीत होते. "मी येईपर्यंत भट्टी लावू नका, सर." मी म्हणालो, आता पद्धत बसली आहे, तुम्ही निश्चिंत झोपा. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने वर छताकडे पाहिलं.

मंगळवार, १८ तारीख

पाचवी वितळ. पांढरी.

सगळं तेच होतं. तेच पोलाद, तेच दाणे, तापमान दीड हजार अंश, मी स्वतः बघितलं. आज चहाही आला नाही. ताई कामासाठी बाहेर गेली होती. सांगाडे चारच. म्हणजे तराजू आपोआप दुरुस्त झाला.

गुरुवार, २० तारीख

सहावीही पांढरी. कांडी बावीस. गंधक पुन्हा दोन, नेहमीसारखं नितळ.

इथे खरं लिहितो, नाहीतर ही वही कशासाठी? मला भीती वाटते आहे. सात दिवस उरलेत. दोनदा जमलं ते का जमलं हे मला माहीत नाही, आणि ज्याला कारण माहीत नाही त्याला ते जमलेलंच नसतं. वर्गात एखादा प्रयोग फसला तर घंटा व्हायची आणि मुलं पळायची. इथे घंटा झाली की अठरा जण कायमचे घरी जातील. आज डबा खाताना साचे बनवणारा मला आपल्या धाकटीच्या शाळेबद्दल विचारत होता, रसायन घ्यावं का म्हणून. मला त्याच्याकडे बघवेना. ताईने माझ्या शब्दावर दुसरीकडे कुठे धावपळ केली नाही, आणि मी नडगी चोळत सूचना लावत बसलो.

घरी जेवण गेलं नाही. बायकोने सगळं काढून घेतलं माझ्याकडून. मग म्हणाली, "मिस्त्री कधी येणार?"

"शनिवारी. त्यांचा काय संबंध?"

"काही नाही, विचारलं," असं म्हणून ती ताटं उचलायला गेली. मी मागोमाग जाऊन विसळली. तिने भुवया वर केल्या.

शनिवार, २२ तारीख

मिस्त्री काळा चष्मा लावून हजर. चहा. राखाडी. पाच सांगाडे. कांडीचा आकडा सोमवारी येईल, पण मोड बघूनच कळतंय.

मला इतका आनंद झाला की मिस्त्रींना मिठी मारली. विचार करून मी असा निष्कर्ष काढला आहे की मंगळवार-गुरुवारी हवा दमट होती.

चाकाचा आता फक्त मधला जाड गड्डा उरलाय.

मंगळवार, २५ तारीख

कालचा आकडा तीस पूर्णांक आठ. गंधक पाच. सोडा संपला.

पंपवाल्यांचं पत्र आलं. तपासनीस बाई येणार आहेत. भट्टीत काय काय घालणार ते आधी कागदावर लिहून द्यायचं, आणि तेवढंच त्यांच्यासमोर आत जाईल. मी म्हणालो, हेच तर मला हवं होतं. ताईचा चेहरा उतरला. दमली असेल.

दुपारी तिच्या खोलीवरून जाताना आतून मिस्त्रींचा आवाज आला, "आता सांगूनच टाकू या, वहिनी." ताई म्हणाली, "परवाचं होऊ दे. त्याचं मन मोडेल." मी पाय न वाजवता पुढे गेलो. बहुधा माझा सत्कार करायचा बेत आहे आणि तो आधी करायचा की नंतर यावर वाद चालला आहे. मी काहीच ऐकलं नाही असं दाखवायचं ठरवलं.

गुरुवार, २७ तारीख

आज सगळं क्रमाने लिहायचं आहे.

तपासनीस बाई नऊला आल्या. तरुण, कमी बोलणाऱ्या. स्वतःचे हातमोजे घेऊन आलेल्या. माझा कागद वाचला: पोलाद, कार्बन, सिलिकॉन, बाकी काही नाही. निम्मं वितळल्यावर ताई दारात आली आणि तिने हाक मारली, चहा थंड होतोय. आवाज नेहमीचा नव्हता. बाई म्हणाल्या, "चहा नंतर. भट्टी चालू असताना कोणी हलायचं नाही." मिस्त्री हात मागे बांधून उभे राहिले.

पाचर मोडली. दातासारखी पांढरी.

बाईंनी वहीत एक ओळ लिहिली. मग घड्याळ पाहिलं. "चारला माझी गाडी आहे. अजून एक वितळ बघू शकते. पण कागदावर असेल तेच आत जाईल."

मी भट्टीची वही घेऊन तराजूपाशी जाऊन बसलो, कारण दुसरं कुठे बसवेना. सहा तारखेला दाणेच उडून गेले, ती वितळ सोडली तर वहीत आठ, अठरा, वीस आणि आज, चारही पांढरे. अकरा, पंधरा, बावीस राखाडी. राखाडी दिवशी दरवेळी पाच सांगाडे, दरवेळी तीस किलो जास्त. दरवेळी गंधक पाच. ज्या दिवशी गंधक दोन म्हणून मी खूश झालो त्या प्रत्येक दिवशी माल फुकट गेला होता. तराजू कधीच बिघडला नव्हता. वस्तू आपोआप वाढत नाही हे मी चौतीस वर्षं शिकवलं, आणि महिनाभर तीस किलो लोखंड माझ्या नाकाखाली हवेतून येत होतं. आणि चहा. चहा फक्त राखाडी दिवशी होता.

मग मी दाराकडे पाहिलं. मिस्त्रीही तिकडेच बघत होते. ताई त्या गड्ड्यावर बसली होती.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "ताई, चहाची युक्ती कोणाची?"

"माझी."

"आणि चाक?"

"तेही मीच सांगितलं. मिस्त्री नको म्हणत होते."

मिस्त्री मागून आले. काळा चष्मा काढून पुसत म्हणाले, "पहिला घण मारायला हात उचलत नव्हता, सर. मालकांनी इथे ओतलेलं पहिलं काम ते, जुन्या दगडी कोळशाच्या भट्टीत. एका बाजूला खळगा पडला म्हणून गिऱ्हाइकाने परत पाठवलं. मालक म्हणाले, दारातच ठेवा, आत येताना रोज दिसलं पाहिजे. मागचा ढीग असता तर याला हात लावला नसता."

ढीग मी पाठवला होता. गाडीत भरताना मी टाळ्या वाजवल्या होत्या, हेही आठवलं. त्या चाकाला मी रोज शिव्या घातल्या. ते तुकड्या-तुकड्याने जात होतं आणि मी तिला साखळी लाव म्हणून सांगत होतो.

"मला सांगितलं का नाहीस?"

"बाबांनी तुझं एक गणित चुकलं म्हटलं होतं, आठवतं? सातवीत होतास. तीन दिवस जेवला नाहीस. माझ्याकडे तीन दिवस नव्हते रे."

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला, पण अठरा जण बघत होते. मिस्त्री हळूच म्हणाले, "हिशोब सगळा सरांचाच होता. पोलादाचं बीड होतं हे मला कुठं माहीत? मी फक्त विरजण लावलं." त्या माणसाला मी चौकोन आणि बाण काढून दाखवले होते.

मग डोकं चालू लागलं, पहिल्यांदाच या महिन्यात. कोळशाच्या भट्टीतलं लोखंड म्हणजे त्यात कोळशाचं गंधक. थोडं गंधक असल्याशिवाय कार्बनला बिडात नीट जागाच धरता येत नसणार. मी ते घासून घासून काढत होतो. आमचं लोखंड घाणीमुळे नव्हे, फाजील स्वच्छतेमुळे बिघडत होतं.

मी म्हणालो, भंगारवाल्याकडून ढीग परत आणतो. साचे बनवणारा म्हणाला, जाऊन येईस्तोवर चार वाजतील. गड्ड्याकडे कोणीच बघत नव्हतं. ताई उठली. तिने तो हाताने पुसला, एकदा, आणि म्हणाली, "उचल एका बाजूने."

आम्ही दोघांनी उचलला. एकतीस किलो. आधी भट्टीच्या तोंडाशी शेकून कोरडा केला. मी फलकावरची सूचना काढली आणि तिच्याच पाठीवर नवा कागद लिहिला: पोलाद, कार्बन, सिलिकॉन, जुनं बीड एकतीस किलो.

बाईंनी वाचलं. "गंधक वाईट असतं ना?"

"मीही तेच म्हणत होतो. तीन आठवडे."

"मग ही सूचना कोणाची?"

"मिस्त्रींची. पहिल्याच आठवड्यातली," मी म्हणालो आणि कागदावर तसं लिहून खाली सही केली. मिस्त्रींनी पुन्हा चष्मा लावला. उजेड बाधतो म्हणाले. आत उजेड नव्हता.

गड्डा आत सोडताना ताई भट्टीशी उभी होती. तो आधी लाल झाला, मग कडा मऊ पडल्या, मग दिसेनासा झाला. ती म्हणाली, "बरं झालं. एकदाचं पास होईल बिचारं." आणि हसली. मीही हसलो, नाक ओढत.

पाचर राखाडी. बाईंनी मोड दोनदा अंगठ्याने चाचपला, कांड्या पिशवीत घातल्या आणि आता चहा चालेल म्हणाल्या.

शुक्रवार, २८ तारीख

भंगारवाल्याकडे स्वतः गेलो. ढिगातला निम्मा माल अजून तिथेच होता. "सर, हा कचरा आहे म्हणाला होतात." मी म्हणालो, कचरा मीच होतो. गाडीत भरताना पहिला नळ मी उचलला. ढीग कायम पुरणार नाही, म्हणून लोखंड-गंधकाची भुकटी मोजून घालायचा हिशोबही बसवतो आहे. पाच भाग, ना कमी ना जास्त. हिशोब मिस्त्रींना दाखवला. त्यांनी एक चूक काढली. मी दुपारी व्यवस्थित जेवलो.

मंगळवार, २ तारीख

बत्तीस. कांडी बत्तीसला तुटली. काम राहिलं, शिवाय आणखी एका पंपाचे साचे पाठवतो म्हणतात. ताईने कागद मोठ्याने वाचला. कोणीतरी शिट्टी मारली. मला वाटतं ती मिस्त्रींनी मारली, पण ते कबूल होत नाहीत.

बायकोला फोन केला. ती म्हणाली, "मिस्त्रींना माझे आभार सांगा." म्हणजे तिला वीस तारखेलाच कळलं होतं.

सोमवार, ८ तारीख

गेले चार दिवस मी, मिस्त्री आणि साचे बनवणारा ताईपासून एक गोष्ट लपवत होतो. आज मीच तिला ऐन वेळी चहाला बोलावलं, दोन कप पाजले आणि लहानपणच्या गोष्टी काढल्या. ती मध्येच म्हणाली, "शहाण्या, तुला माझी युक्ती नीट जमत नाहीये." तरी बसली.

बाहेर आलो तेव्हा दारात नवं चाक होतं. सत्तावीस तारखेचे ते पाच सांगाडे बाईंना दाखवून झाल्यावर आम्ही परत वितळवले, ज्यांत दाजींचा गड्डा गेला होता तेच. त्यांचं हे चाक. एका बाजूला खळगा आहे. खळगा नीट पडावा म्हणून साचा तीनदा करावा लागला. निर्दोष चाक पहिल्याच फटक्यात निघत होतं.

ताईने हात फिरवला. खळगा सापडला तिथे हात थांबला. मग ती चाकावर बसली आणि कप खळग्यात ठेवला. तो बरोबर बसला.

संध्याकाळी घरी निघताना घाईत होतो. माझी नडगी आपटली, जुन्याच जागी. चांगलंच लागलं. हलवा ते, असं मी कोणाला म्हणालो नाही.